वायनरीचा दौरा आणि आपला वजनकाटा

आपल्या कारखान्याच्या सभासदांचा जो अभ्यास दौरा यंदा फेब्रुवारीत नाशिक भागात गेला, त्यावर गेले काही दिवस गावोगावच्या पारावर बरीच करमणूक चालली आहे. ठिबक कसे होते, पॅकहाउस कसे होते, द्राक्षाला पाणी किती देतात, याची चौकशी कोणी करीत नाही. दौऱ्यात शेवटच्या दिवशी एक वायनरी होती एवढे मात्र सर्वांच्या कानावर गेले आहे. "काय ओ, किती झाली?" हा एकच प्रश्न. वार्षिक सभेतही हा विषय निघेल अशी चिन्हे आहेत. दौऱ्याचा निम्मा खर्च ऊस विकास निधीतून झालेला असल्याने विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे, आणि गेलेल्यांनी सांगितले पाहिजे हेही खरे. म्हणून हा मजकूर.

माझे मत आधीच सांगून टाकतो. चार दिवसांत जे पाहिले त्यात आपल्या उपयोगाचे सर्वांत जास्त त्या वायनरीतच होते. टिंगल करणाऱ्यांनी थोडा धीर धरून पुढे वाचावे.

नाशिकची द्राक्षे आपल्याला नवी नाहीत. भोकरी, अनाबशाही, मग थॉमसन, हा प्रवास आपल्या कृष्णाकाठच्या बागाईतदारांनीही केला आहे. वाइनची द्राक्षे मात्र निराळी. मणी बारीक, साल जाड, आत बी, आणि गोडी इतकी की दोन घड खाल्ले तर हात चिकट होतात. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने अशी त्यांची नावे. आपल्या महाराष्ट्रात या धंद्याची सुरुवात नारायणगावी १९८० च्या दशकात झाली. पुढे कॅलिफोर्नियातील नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षे लावून १९९९ साली सुला ही कंपनी काढली. २००० साली त्यांची पहिली वाइन निघाली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या, विंचूर आणि आपल्याकडे पलूस येथे वाइन पार्क काढले. २००५ साली सुलाने लोकांना आत येऊन वाइन चाखता येईल अशी खोली उघडली आणि तेव्हापासून नाशिकला देवदर्शनाबरोबर हाही एक दौरा सुरू झाला. आज शनिवारी-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची त्या रस्त्यावर रांग लागते.

याच जिल्ह्यात निफाड आणि नाशिक हे दोन्ही सहकारी साखर कारखाने अनेक हंगाम बंद राहिले. कारणे वेगळी, आणि त्यांत आज शिरत नाही. पण ज्या रस्त्याने आम्ही गेलो त्या रस्त्यावर एकीकडे थंड पडलेल्या धुराड्याच्या आठवणी सांगणारे शेतकरी भेटले आणि दुसरीकडे पैसे भरून कारखाना बघायला आलेली माणसे दिसली, हे मनातून जात नाही.

आता वायनरीत काय पाहिले ते. गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत आम्ही सकाळी साडेआठला पोचलो. हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे आपल्या गळिताचेच दिवस. माल पहाटे तोडतात. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये भरून दारात येतो. तिथे एक मुलगा हातात छोटीशी नळी घेऊन उभा. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालातले काही मणी घ्यायचे, चिरडायचे, रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. तो आकडा मालवाल्यालाही दाखवायचा. आमच्यातले लॅबमध्ये काम केलेले एक निवृत्त कर्मचारी पुढे झाले, म्हणाले, "अहो, हा तर आपला रिफ्रॅक्टोमीटर!" होय, तोच. आणि आकडाही आपलाच, ब्रिक्स. पांढऱ्या वाइनला २० ते २२, तांबड्याला २२ ते २४ पर्यंत ब्रिक्स आला की तोडा, असा ठराव झालेला असतो. कराराच्या खाली असेल, किंवा घडात कूज असेल, तर दर कमी किंवा गाडी परत. बागेतही माल तयार होत आला की पंधरा दिवस आधीपासून माणूस फिरून मणी तपासतो, बी तपकिरी झाली का बघतो, आंबटपणा मोजतो. कोणाची बाग आज तोडायची आणि कोणाची पुढच्या गुरुवारी, हे त्यावर ठरते.

एकरी उतारा मात्र मुद्दाम कमी ठेवतात. खायच्या द्राक्षाला आपले शेतकरी एकरी दहा-बारा टनाची गोष्ट करतात. इथे चार ते सहा टनांवर माल धरू देत नाहीत. घड जास्त झाले तर छाटून टाकायला लावतात. आमच्यातल्या एका तात्यांना हे काही केल्या पटेना. "पिकलेलं कापून टाकायचं? मग पिकवायचं कशाला?" वायनरीच्या माणसाने उत्तर दिले ते सोपे होते. वेल तेवढीच साखर करतो. ती दहा टनांत वाटली तर पाणचट, पाच टनांत वाटली तर दाट. आम्हाला टन नको, साखर पाहिजे.

तो माणूस हे सहज बोलून गेला. साखर कारखान्याच्या सभासदांना, म्हणजे आम्हाला, त्याने हे सांगावे!

पुढची प्रक्रिया आपल्या आसवनीची ज्यांना माहिती आहे त्यांना समजायला वेळ लागत नाही. पांढरी वाइन करायची तर द्राक्षे आधी दाबून रस काढतात आणि नुसता रस आंबवतात. तांबडी करायची तर सालीसकट आंबवतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. आंबवणारे यीस्ट हे आपल्या आसवनीतल्याच जातकुळीतले. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेचे एक टक्का अल्कोहोल होते, त्यामुळे २२ ब्रिक्सच्या रसातून साडेबारा-तेरा टक्क्यांची वाइन निघते. फरक घाईचा आहे. आपल्याकडे मोलॅसिसचा वॉश दीड दिवसात उकळून मोकळा होतो; तिकडे पांढरी वाइन १४-१६ अंशांवर थंड ठेवून दोन-तीन आठवडे सावकाश आंबवतात, नाहीतर वास उडून जातो. गंधकाची धुरीही त्यांच्याकडे आहे. आपण रस पांढरा करायला जो सल्फर वायू वापरतो तोच ते अगदी थोडा वापरतात, वाइन टिकावी म्हणून. काही तांबडी वाइन ओकच्या लाकडी पिंपांत वर्षभर ठेवतात. २२५ लिटरचे एक पिंप, परदेशातून आणलेले. लाकडाच्या वासासाठी एवढा खर्च हे ऐकून आमच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले.

आता ज्याची सर्वांना उत्सुकता आहे त्या चाखण्याकडे येतो. आम्ही एकूण बत्तीस जण होतो, त्यांत सात भगिनी. चाखणारे अठरा. बाकीच्यांनी द्राक्षाचा रस घेतला. कोणी कोणाला आग्रह केला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. लांब टेबलावर प्रत्येकापुढे देठाचा काचेचा पेला, आणि मध्ये एक भांडे. भांडे थुंकायला. पेल्यात ओततात ते तीस मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन घोट. "एवढ्यानं दात तरी भिजतील का?" अशी कुजबुज झाली. पण दात भिजवायचा तो कार्यक्रमच नव्हता. आधी पेला पांढऱ्या कागदावर धरून रंग बघायचा. मग देठाला धरून गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात घोळवायचा. गिळायचा की थुंकायचा हे आपले आपण ठरवायचे. रोजच्या रोज चाखणारे थुंकतातच, नाहीतर दुपारपर्यंत त्यांना कामच करता येणार नाही. क्रमही ठरलेला. पांढरी आधी, तांबडी नंतर, गोड शेवटी. उलट केले तर पुढची चव लागत नाही.

वर्णने करणारी मुलगी इंग्रजीतून शिकलेली होती, पण आमची अडचण ओळखून मराठीत बोलली. सोव्हिन्यों ब्लाँला कच्च्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो म्हणाली, आणि खरोखर येतो. शिराझला काळ्या मिरीचा. आमच्यातल्या एका काकूंनी, त्या फक्त वास घेत होत्या, एका तांबड्या वाइनला "जांभळं कुजायला लागली की येतो तसा" म्हटले, तेव्हा ती मुलगी हसली आणि म्हणाली, बरोबर आहे, आम्ही फक्त जरा बरे शब्द वापरतो.

हे काही आपल्याला परके नाही. गुऱ्हाळावर ज्यांचे बालपण गेले त्यांना गुळव्या आठवत असेल. काहिलीतला पाक बोटावर घेऊन, पाण्यात टाकून, तारेवरून आणि वासावरून तो सांगायचा की ही आधण उतरवा. कोणत्या रानाचा ऊस, खारवट की गोड्या पाण्याचा, हे गुळाचा खडा जिभेवर ठेवून सांगणारी माणसे आपल्या भागात होती. सौद्यात ढेप फोडून कण आणि रंग बघूनच भाव ठरायचा. म्हणजे माल चाखून त्याची किंमत करण्याची रीत आपल्याकडे गुळापर्यंत होती. साखर कारखाना आल्यावर ती गेली. वजनकाटा आला आणि काट्याला चव नसते.

दारूच्या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. "वाइन म्हणजे दारू नव्हे" असे म्हणण्याची एक फॅशन मधल्या काळात आली होती. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांवरच्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचे ठरवले तेव्हा हे वाक्य फार गाजले. त्याला विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावरच राहिला. माझ्या मते विरोध करणारे त्या एका वाक्यापुरते तरी बरोबर होते. हिशेब साधा आहे. दीडशे मिलिलिटरचा एक पेला साडेबारा टक्क्यांची वाइन म्हणजे जवळजवळ पंधरा ग्रॅम अल्कोहोल. तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगात दहा ग्रॅम. एक पेला वाइन बरोबर दीड पेग. आम्ही जे सहा प्रकार चाखले तेही न थुंकता गिळले असते तर पावणेदोन पेग भरले असते, म्हणूनच आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला टेबलाजवळ फिरकू दिले नाही. अल्कोहोलची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा द्राक्षापासून झाली म्हणून ती औषध होत नाही.

पण आपण तरी नाक मुरडायचे कोणत्या तोंडाने? आपल्या मोलॅसिसची स्पिरिट कुठे जाते हे आपल्याला ठाऊक नाही काय? आता बरेचसे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते, पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली देशाने गाठले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कितीतरी वर्षे महाराष्ट्रातल्या देशी दारूच्या बाटलीत आपल्या उसाचाच अंश होता आणि आजही आहे. ज्या आयाबहिणींनी गावोगाव मतदान घेऊन बाटली आडवी केली त्यांना बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. आपल्याला, आसवनीच्या नफ्यावर अंतिम दर ठरवणाऱ्या सभासदांना, दुसऱ्याच्या पेल्याकडे बोट दाखवण्याचा तो नाही. हा विषय इथे थांबवतो.

दुसरीही एक बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी नाशिकची जाहिरात करतो असे वाटेल. २००८ साली जगभर मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप कोसळला. वायनऱ्यांनी माल उचलायचे कमी केले. करार केलेल्या शेतकऱ्यांच्या बागा उभ्या राहिल्या, काहींचे पैसे अडकले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेकांनी वाइनच्या वेली मुळासकट उपटून पुन्हा थॉमसन लावली. वाइनच्या द्राक्षाला कायद्याने ठरलेला भाव नाही. बारीक मणी, आत बी, बाजारात खायला कोणी घेत नाही. आपल्या उसाला एफआरपी आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे बंधन आहे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज आहे. ते वेळेवर मिळते की नाही हा भाग वेगळा, पण भांडायला कागद आहे. शिवाय कारखाना आपला आहे. त्या वायनरीत माल घालणारा शेतकरी दारापर्यंतच. आतल्या नफ्यात तो नाही.

तर मग घ्यायचे काय? तो दारातला मुलगा आणि त्याची नळी घ्यायची.

आपल्या उसाचा दर कसा ठरतो ते सर्वांना माहीत आहे, तरी आकड्यांत मांडतो. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, आणि त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये. म्हणजे उताऱ्याच्या एका टक्क्याला टनामागे ३४६ रुपये. हा उतारा कोणाचा? साऱ्या कारखान्याचा, सरासरी. आता दोन सभासद घ्या. दोघांचा चाळीस-चाळीस टन ऊस. एकाने ८६०३२ लावला, शेवटचे पाणी वेळेवर तोडले, खत जपून दिले. त्याच्या उसात साखर धरा बारा टक्के. दुसऱ्याने वजनावर डोळा ठेवून युरिया मारला, तोडीच्या आदल्या आठवड्यात पाणी पाजले. त्याची धरा दहा. गव्हाणीत दोघांचा ऊस एक झाला, सरासरी अकरा आली, बिल अकराचे निघाले. पहिल्याचे १३,८४० रुपये दुसऱ्याच्या खिशात गेले. हिशेब ढोबळ आहे, तोडणी-वाहतूक धरलेली नाही, पण दिशा तीच. वर दुसऱ्याच्या रानात पाण्याचे वजन जास्त भरते ते वेगळेच. असे दहा हंगाम झाल्यावर पहिला शहाणा होतो आणि तोही पाणी पाजू लागतो. मग चेअरमनसाहेब सभेत विचारतात, उतारा का घटला?

वाइनवाल्यांनीच हे शोधून काढले असेही नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उसाला फार पूर्वीपासून ज्याच्या त्याच्या मालातील साखरेप्रमाणे दर मिळतो. ब्राझीलमध्येही टनातील साखर मोजून पैसे देतात. आणि सहकाराला हे झेपत नाही असे कोणी म्हणेल तर दक्षिण फ्रान्सकडे बघावे. तिथे मारोसाँ गावच्या छोट्या द्राक्षवाल्यांनी १९०१ साली सहकारी वायनरी काढली, आपल्या प्रवरेच्या कारखान्याच्या पन्नास वर्षे आधी. आजही फ्रान्सातल्या वाइनचा मोठा हिस्सा अशा सहकारी संस्थांतून निघतो, आणि सभासदाच्या द्राक्षाचे मोल वजनाला साखरेच्या अंशाने गुणून करण्याची पद्धत त्यांच्याकडे जुनी आहे. (त्याच मुलखात १९०७ साली लाखो द्राक्षवाले रस्त्यावर उतरले होते. त्यांचे एक गाऱ्हाणे असे, की उत्तरेकडची बीटाची साखर घालून खोटी वाइन वाढवतात आणि आमचा भाव पाडतात. साखर नेहमीच शेतकऱ्याच्या बाजूला असते असे नाही.)

तरीही मी उद्यापासून प्रत्येक ट्रॉलीला वेगळा दर द्या असे म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. वायनरीत दिवसाला काही टन माल येतो. आपल्याकडे हजारो टन, आणि तोही एकर-दीड एकराच्या तुकड्यांतून. ट्रॉलीतून नमुना काढायचे यंत्र बसवायचे तर मोठा खर्च. नुसता ब्रिक्स म्हणजे उतारा नव्हे, पोल आणि प्युरिटी बघावी लागते, पाचट किती हेही आहेच. लॅबवाले हे मला सांगतीलच, म्हणून मीच सांगतो. आणि सर्वांत मोठी अडचण न्यायाची. वाइनचा माल पिकला की तोडतात. आपला ऊस पिकला की तुटतो काय? तोडणी कार्यक्रम लागणीच्या तारखेवर आहे असे बोर्डावर लिहिलेले असते. प्रत्यक्षात टोळीची मर्जी, रस्ता, चिटबॉयची ओळख आणि कोणाचा फोन आला यांवर तो चालतो. माझ्या गटात डिसेंबरात तयार झालेला को ६७१ मार्च उजाडेपर्यंत उभा राहिलेला मी पाहिला आहे, तुरे येऊन, आतून भेंड पडून. शेजारी अकरा महिन्यांचा कोवळा ऊस नोव्हेंबरात गेला. तुटल्यावरही ऊस फडात, गाडीत, वाहनतळावर मिळून दोन-दोन, तीन-तीन दिवस वाळतो, आणि तासातासाला त्यातली साखर मोडत जाते. द्राक्षवाला पहाटे तोडतो आणि न्याहारीच्या वेळी माल थंड खोलीत असतो. अशा स्थितीत गुणवत्तेवर दर दिला तर शिक्षा सभासदाला होईल आणि अपराध कार्यक्रमाचा असेल.

म्हणून क्रम असा पाहिजे, की आधी तोडणी पक्वतेवर आणि मग दराची भाषा. पक्वता तपासायला यंत्रसामग्री लागत नाही. उसाच्या शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या कांड्यांचा ब्रिक्स घ्यायचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले की ऊस तयार, शेंडा फार मागे असेल तर अजून थांबा. हे शास्त्र जुने आहे, शेतकी खात्याच्या जुन्या मंडळींनी हंगामाआधी पायी फिरून हे केलेले आहे. हातातला रिफ्रॅक्टोमीटर दोन-तीन हजारांत मिळतो. आमच्या दौऱ्याच्या बसचे एका दिवसाचे भाडे त्याहून जास्त होते.

येत्या हंगामात दोन गट निवडावेत, एक नदीकाठचा आणि एक माळाचा. सप्टेंबरअखेरपासून त्या गटांतील प्रत्येक नोंदीच्या उसाचा ब्रिक्स दर पंधरा दिवसांनी घ्यावा, शेतकऱ्यासमोर घ्यावा, आकडा त्याच्या वहीवर लिहून द्यावा आणि गट ऑफिसच्या बोर्डावर नाव, गट नंबर, तारीख आणि आकडा लावावा. टोळी त्या यादीच्या क्रमाने जावी. क्रम मोडला तर का मोडला हे त्याच बोर्डावर एका ओळीत लिहावे. एवढेच. आकडा सर्वांसमोर लागला की फोन करणारालाही जरा विचार पडतो. हंगामाच्या शेवटी त्या दोन गटांचा ऊस एक-एक दिवस वेगळा गाळून उतारा काढता आला तर काय साधले ते चीफ केमिस्टसाहेबच सांगतील.

आणखी एक, जरा बाजूचे. त्या वायनरीत फी भरणाऱ्या कोणालाही दारापासून बाटलीपर्यंत सगळे दाखवतात. लहान पोरगंही विचारतं, हे काय, ते काय. आमच्या सौभाग्यवती गेली एकतीस वर्षे सभासदाच्या घरात आहेत, शेअर त्यांच्या नावे आहे, आणि पॅनवर साखरेचा दाणा कसा धरतो हे त्यांनी आजवर पाहिलेले नाही. गेटवर वॉचमन विचारतो, काम काय? महिन्यातल्या एका रविवारी चार तास, बॉयलरच्या बाजूला दोरी बांधून, सभासद कुटुंबांना आत फिरवायला काय हरकत आहे? लॅबमध्ये त्यांच्याच रानातला ऊस पिळून ब्रिक्स दाखवा. त्यासाठी फी घेऊ नका, एवढाच काय तो नाशिकशी फरक ठेवा.

विषय वार्षिक सभेपुढे यायचा तर पोटनियमाप्रमाणे तो आधी लेखी द्यावा लागतो. अर्जाचा मसुदा करून प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. दौऱ्याला गेलेल्या बत्तीसपैकी एकोणतीस जणांनी त्यावर सह्या केल्या आहेत, ज्यांनी चाखली त्यांनी आणि ज्यांनी रस घेतला त्यांनीही. राहिलेल्या तिघांपैकी एक ते तात्या. घड कापून टाकणे त्यांना अजून पटलेले नाही, पण बोर्डावर नावे लागणार असतील तर सही करतो म्हणाले आहेत.